स्टार्टरचं लाल बटण

माझ्या आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली म्हणून आईने माझं नाव दगडू ठेवलं, म्हणजे यमाला वाटावं हा नुसता दगड आहे, याला नेऊन काय करायचं, आणि खरंच बघा, यम विसरला मला, सत्तरी उलटून गेली. गाव सारंगखेड्यापासून कोसभर, तापीच्या काठाला. शाळा म्हणाल तर तिसरी, तीही पुरी नाही, मास्तरांनी एकदा विनाकारण छडी मारली, मी ती छडी मोडून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो तो परत गेलोच नाही, बापाने पाठ फोडली तरी गेलो नाही. हट्टी म्हणून नाव पडलं ते तेव्हापासून, आणि ते काही खोटं नाही. अक्षरं लावून लावून वाचता येतं, सही येते, अंगठा आजवर कुठे दिला नाही. तुम्ही समोर आहात म्हणून मी ही शाळेतली मराठी बोलतोय, घरात आमची अहिराणी, मधूनच ती तोंडात आली तर येऊ द्या, तशीच लिहा.

ती तिकडे खाटेवर आहे ना, डोळे मिटलेली, ती झोपलेली नाही. ऐकतेय सगळं. तिला लकवा झाला त्याला आता वर्ष होईल, उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. तिच्या उशाशी स्टुलावर ते काळं मशीन दिसतं ना, तो लॅपटॉप, तेच आता तिचं तोंड आहे. तुम्हाला त्याचीच गोष्ट हवी ना, की तिसरी न झालेल्या म्हाताऱ्याने मेलेला लॅपटॉप जिवंत कसा केला म्हणून. सांगतो. पण मशीन जिवंत झालं ही काही मोठी गोष्ट नाही. मशीन आहे, ते होतंच.

माझा धंदा फिटरचा. तापीवरून पाणी उचलायची डिझेल इंजिनं होती तेव्हापासून मी या कामात, मग विजेच्या मोटारी आल्या, मग बोअरमध्ये खोल बुडवायच्या मोटारी आल्या, सगळ्या या हातांनी उघडल्या. आमच्या धंद्यात आवाज ओळखता आला पाहिजे. चालत्या मोटारीवर लांब पेचकस टेकवायचा आणि त्याच्या मुठीला कान लावायचा, आतलं सगळं ऐकू येतं बघा, बेअरिंग खातंय का, बुश ढिला झाला का, पाण्याबरोबर वाळू येतेय का. केळीवाले गुजर शेतकरी म्हसावदपासून मोटारसायकल घेऊन मला न्यायला यायचे, आप्पा चला, मोटार कण्हतेय. मी कान लावायचो आणि सांगायचो, उघडायच्या आधीच सांगायचो, आणि उघडल्यावर तेच निघायचं. मी गर्वाने सांगतोय, गर्व आहेच मला, माझं एक निदान चुकलं असेल तर दाखवा.

आणि मग ही माझी बायको, कापूस वेचणीच्या दिवसांत अंगणात पडली, आणि तिच्या तोंडातून एकच आवाज निघायला लागला. ता. ता ता. पाणी हवं तरी ता ता, रडायला आलं तरी ता ता, माझ्यावर चिडली तरी तेच. काय सांगू तुम्हाला, मी तिच्याजवळ बसून ऐकायचो, डोळे मिटून ऐकायचो, जसं मोटारीला ऐकतो तसं, आणि मला काही म्हणजे काही कळायचं नाही. पेचकस कुठे टेकवू मी?

नाव तिचं केसर. हे नाव मी आज तुमच्यापुढे घेतलं, एरवी आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि माणूसही चारचौघांत बाईचं घेत नाही, मी तिला सुनंदानी माय, म्हणजे सुनंदाची आई, म्हणायचो, ती मला आयकं का म्हणायची, तेवढ्यात आमची पन्नास वर्षं गेली. सुनंदा आमची एकुलती, सुरतेला दिली आहे, तिथे जावई कारखान्यात आहेत.

तुम्ही म्हणाल मान हलवून सांगता येत नाही का. मीही तेच म्हटलं डॉक्टरांना. तर ते म्हणाले, आप्पा, या आजारात मान पण उलटी हलते, हो म्हणायचं असलं की नाही अशी हलते आणि नाही म्हणायचं की हो अशी, तिला स्वतःला कळतं आपलं चुकलं म्हणून, आणि ती अजून चिडते. तसंच व्हायचं. मी विचारायचो च्या पिशी का, ती मान हो म्हणून हलवायची, मी च्या आणला की डाव्या हाताने कप उडवायची. मग मला वाटायचं च्या नाही तर पाणी असेल, पाणी आणलं की तेही उडवायची. सगळी जमीन ओली, आणि ती रडतेय, आणि मी पोतेरं घेऊन खाली बसलेलो. बाईमाणसाचं काम मी जन्मात केलं नव्हतं, ते सगळं केलं, पोतेरं केलं, तिची लुगडी धुतली, आणि हे मी कोणाला सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगतोय.

असं चार महिने गेले. मग सुनंदा फोनवर म्हणाली, आप्पा, तुमच्याने व्हत नही, तुम्ही दोघे इकडेच या, महिना संपला की गाडी घेऊन येतो आम्ही. मी म्हटलं चालेल. फोन मोठ्या आवाजावर होता, ही इथेच खाटेवर होती. मी घर बंद करायचं कोणाला सांगायचं, औजारं कोणाला द्यायची, सगळं तिच्या देखतच बोललो. आणि साधारण त्याच आठवड्यात हिने खाणं बंद केलं. दोन चमचे पेज घ्यायची आणि दात आवळायची. तेव्हा मला या दोन गोष्टींचा काही संबंध दिसला नाही. मला वाटलं घसा गेला असेल.

डॉक्टरांनी घसा पाहिला, घसा चांगला आहे म्हणाले, गिळता येतं तिला, ती खात नाही. आठ दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढलं आणि हिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. तिथे दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक बाई असते, तिने मोबाइलवर चित्रं दाखवली, बोट लावलं की मोबाइल बोलतो, पाणी हवं, भूक लागली असं. पण हिचं डावं बोट थरथरतं, एका चित्राला लावायला जावं तर तिघांना लागतं, तिन्ही एकदम बोलतात. ती बाई म्हणाली, कॉम्प्युटर असला तर एक प्रकार आहे, पडद्यावर चित्रांवरून चौकट आपोआप सरकत जाते, हव्या चित्रावर आली की एकच बटण दाबायचं, नेम धरावा लागत नाही. घरात कॉम्प्युटर आहे का. मी म्हटलं आहे. आहे म्हणजे काय, सुनंदाने लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता तेव्हाचा लॅपटॉप पेटीत लुगड्यांखाली पडलेला, बिजागरी तुटलेली, तिला दोरी बांधलेली. पण आहे तर आहे.

शहाद्याला एका दुकानात नेला. त्या माणसाने बटण दाबलं, पडद्यावर एक गोल फिरायला लागला, फिरतोय, फिरतोय, आम्ही दोघं बघतोय, मग पडदा काळा. तो म्हणाला, बाबा, याच्यातली जुनी सिस्टीम बंद पडली आहे, आणि नवी सिस्टीम याला पेलवणार नाही, याच्या अंगात तेवढी ताकद नाही, भंगारात द्या आणि नवा घ्या. मी विचारलं, जळलंय का काही. तो म्हणाला जळलं नाही, पण म्हातारं झालंय. मी म्हटलं, म्हातारं झालं आणि मेलं यात फरक असतो भाऊ. तो हसला. मी लॅपटॉप उचलला, गमछ्यात बांधला आणि बाहेर आलो. नवा घेता आला असता, नाही म्हणत नाही, पण जे जळलेलं नाही ते मी आयुष्यात फेकलं नाही, आणि कोणीतरी मला सांगावं की म्हातारं झालंय म्हणून टाका, तेही त्या दिवसांत, ते माझ्या डोक्यात बसेना. आठातला एक दिवस तिथेच गेला.

लोणखेड्याला एका कॉलेजच्या बोअरची मोटार मीच काढतो-बसवतो. तिथे कॉम्प्युटरची खोली सांभाळणारी मनीषाताई आहे, सुनंदाच्याच वयाची. तिला दाखवला. ती म्हणाली, आप्पा, या खोलीतली अर्धी मशीनं अशीच भंगारात निघालेली आहेत, मी सगळ्यांवर दुसरी सिस्टीम टाकली, हलकी असते, जुन्या अंगालाही चालते, आणि फुकट आहे. फुकट म्हटल्यावर मी लॅपटॉप मागे ओढला. फुकट मी कोणाचं घेत नाही. ती म्हणाली, फुकट म्हणजे कोणी दान नाही करत आप्पा, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवली आहे, प्रत्येकाने आपला आपला तुकडा करून दिला, कोणाची मालकी नाही, उघडून बघायची, दुरुस्त करायची, पुढच्याला द्यायची. मी म्हटलं, म्हणजे सावड. तिला ते पटकन कळलं नाही, शेतकऱ्याची पोर नाही ती, मी सांगितलं, आमच्याकडे पेरणीला मी तुझ्या वावरात येतो, तू माझ्या वावरात ये, मजुरी कोणी घेत नाही, त्याला सावड म्हणतात. ती म्हणाली, हो, तेच. मग मी घेतलं. सावडीचं घ्यायला लाज नाही.

तिने एका पेन ड्राइव्हवर ते सगळं भरून दिलं आणि कागदावर मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून दिल्या. मीच टाकून देते म्हणाली होती, पण दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे परीक्षा, आणि मी कुठे थांबणारा. मी म्हटलं, मशीन मी उघडतो, तू फक्त लिहून दे.

घरी येऊन आधी मी त्याचं पोट उघडलं. बारके बारके स्क्रू, ते ताटलीत ओळीने मांडले, ही खाटेवरून बघत होती. आत पंखा होता, एवढासा, त्यात धुळीची गादी आणि एक वाळलेलं झुरळ. रंगाच्या ब्रशने सगळं झटकलं, पंख्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला, बोटाने फिरवला तर गरगर फिरला. मग पेन ड्राइव्ह लावून चालू करताना कागदावर लिहिलेलं, कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं बटण टकटक टकटक दाबत राहायचं होतं, मी चार वेळा चुकलो, चारही वेळा तो गोलच आला. पाचव्यांदा नाही आला. निळा पडदा आला आणि त्यावर मराठीत लिहिलेलं आलं. मराठीत! मी अक्षरं लावून वाचलं, भाषा निवडा. माझ्यासारख्याने वाचावं म्हणून कोणी कुठल्या देशात बसून हे लिहिलं असेल, त्याला काय ठाऊक दगडू फिटर कोण.

पण ऐका. सिस्टीम आत भरायला लागली, पट्टी पुढे सरकतेय, अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, ते वायरवरच चालायचं. फट्कन बंद. लाईट आल्यावर लावलं तर आता तो गोलही येईना, जुनं पुसलं गेलं होतं आणि नवं भरलं नव्हतं. मी त्या काळ्या पडद्यासमोर किती वेळ बसलो ठाऊक नाही. तिसरा दिवस होता. तिने सकाळपासून एक चमचा पाणी घेतलं होतं. मी जन्मभर लोकांना सांगत आलो की लाईटचा भरवसा धरून मोटार उघडू नका, आणि मीच तसलं केलं. पोरासारखं केलं.

चौथ्या दिवशी शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, इन्व्हर्टर जोडला, सगळं खाटेशेजारी मांडलं, आता लाईट गेली तर जाऊ दे. पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा टकटक, पुन्हा पट्टी. या वेळी मी जागचा उठलो नाही, तंबाखू नाही, काही नाही. पट्टी पूर्ण भरली. बंद करून चालू केलं आणि तो उठला, दोन मिनिटांत उठला, पंखा असा वाजत होता की मी पेचकस न लावता सांगतो, त्याला काही दुखत नव्हतं. ज्याला म्हातारा म्हणून हाकललं तो उठून बसला. मी हिच्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून होती.

चित्रांचा तो प्रकार मनीषाताईने फोनवर सांगून सांगून माझ्याकडून बसवून घेतला. आणि बटण. मोटारीच्या स्टार्टरवर दोन बटणं असतात ना, हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. मी जुन्या स्टार्टरचं हिरवं बटण काढलं, चांगलं मुठीएवढं, एका माउसचं पोट फोडून त्याला दोन वायरी जोडल्या आणि लाकडी फळीवर ठोकून तिच्या डाव्या हाताखाली ठेवलं. थरथरत्या हाताने नुसता तळवा ठेवला तरी दाबलं जातं. लाल काढलं नाही. त्याची आतली पत्ती उलटी असते, दाबलं की वीज जुळत नाही, तुटते, तिला फिरवून बसवायला वेळ जातो. आणि मला वाटलं बंद करायचं बटण हवं कशाला.

मशीनचा स्वतःचा एक आवाज होता, मराठीच बोलायचा, पण पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. तो ऐकून ही घाबरली. मनीषाताई म्हणाली, मी माझ्या आवाजात भरून देते. मी म्हटलं नको, घरातली गोष्ट घरातल्या आवाजात होईल. मग मीच बसलो. तिचं पाण्याचं लोटकं, तिची खाट, पंखा, मोरीचं दार, गोळ्यांचा डबा, सगळ्यांचे फोटो मोबाइलने काढले, चित्रांच्या जागी बसवले आणि एकेकाला बोललो. माले पानी दे. मन्ही कूस बदल. माले उन्हमा बसाड. पंखा लाव. आंग दुखी ऱ्हायनं. सुनंदाले फोन लाव. पस्तीस चित्रं भरली. नंतर माझ्या ध्यानात आलं, तिने मला कधी दे म्हटलं नव्हतं, ती द्या म्हणायची, दे मी म्हणायचो. पण मनीषाताईने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, असू द्या आप्पा, आता मावशी म्हणतील दे.

पाचव्या दिवशी सकाळी तिने बटण दाबलं आणि घरात माझाच आवाज घुमला, माले पानी दे. मी उठलो, पाणी दिलं, ती प्यायली. लिहा हे, ती प्यायली, पूर्ण वाटी. मला वाटलं जिंकलो.

दुपारी भाकर कुस्करून नेली तर तिने बटणावर हात मारायला सुरुवात केली. पानी दे. पंखा लाव. मन्ही कूस बदल. उन्हमा बसाड. गोळी दे. जे येईल त्यावर. मी पाणी घेऊन धावतोय तोवर पंखा, पंखा लावतोय तोवर कूस, माझाच आवाज मला हाकतोय आणि मी कोंबडीसारखा घरभर. घास नेला की पुन्हा तेच. शेवटी तिने फळीच ढकलली. सहाव्या दिवशीही तसंच, सकाळीही, दुपारीही. मला वाटलं आता डोकंही गेलं. काय जोयजे तुले, काय जोयजे, मी विचारत राहिलो. पस्तीस गोष्टी मी तिला दिल्या होत्या, आणि त्यातली एकही तिला हवी नव्हती. सातव्या दिवशी सकाळी मी लोणखेड्याला गेलो आणि मनीषाताईच्या दारात उभा राहिलो. तिने चप्पल घातली आणि माझ्याबरोबर आली.

ती इथे याच खुर्चीवर बसली, काही केलं नाही, नुसतं पाहिलं. मी घास नेला, हिने बटणावर हात मारला, पानी दे, पंखा लाव. मनीषाताईने सगळी चित्रं एकदा फिरवून बघितली आणि म्हणाली, आप्पा, यात नको कुठे आहे?

मी म्हटलं, “नको कशाला म्हणेल ती? जे हवं ते सगळं भरलंय ना मी.”

मनीषाताई खाटेकडे पाहत राहिली. मीही पाहिलं. हिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आवाज नाही, ता ता नाही, नुसतं पाणी. पन्नास वर्षांत मी या बाईला विचारून काही केलं नव्हतं, घराचं नाही, पोरीच्या लग्नाचं नाही, मग तिला नको म्हणायची वेळ कधी आली असेल ते मला कुठून सुचणार.

मी लाल बटण काढलं. पत्ती फिरवायला अर्धा तास गेला. मनीषाताईने माउसच्या दुसऱ्या बाजूला ते जोडून घेतलं, म्हणजे चौकट कुठेही असो, लाल दाबलं की तो एकच शब्द. आणि म्हणाली, बोला आप्पा. मी बोललो, नही. ती म्हणाली, हे रागावल्यासारखं वाटतं. पुन्हा बोललो. हेही रागावल्यासारखं. दहा-बारा वेळा नही म्हणून पाहिलं, सगळी रागाचीच निघाली, माझ्याकडे दुसरी नव्हतीच. शेवटी थकून एक निघाली, तीच ठेवली.

फळी हाताखाली दिली आणि मी विचारायला लागलो. भाकर? नही. खिचडी? नही. दवाखाना? नही. घसा दुखी ऱ्हायना का? नही. मी कंटाळलो तशी मनीषाताई म्हणाली, खाण्याचं सोडून विचारा. मी म्हटलं दुसरं काय विचारू, आता महिना संपला की सुनंदा येईलच, सुरतले जावानं शे ना आपले.

तिने तळवा लालवर ठेवला आणि उचललाच नाही, पुन्हा पुन्हा दाबत राहिली. नही. नही. नही. नही. माझा तो थकलेला आवाज, आणि तिचे डोळे माझ्यावर, सरळ, लग्नाच्या दिवशीही तिने मला असं पाहिलं नव्हतं. मी फोन लावला. सुनंदा म्हणाली, आप्पा, तुम्ही कसाले नही म्हनी ऱ्हायनात? मी म्हटलं, मी नही, तुन्ही माय म्हनी ऱ्हायनी. पोर फोनवरच रडायला लागली.

गाडी आली नाही. संध्याकाळी हिने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, अर्धी भाकर दुधात कुस्करलेली खाल्ली, मी भरवली. आठव्या दिवशी डॉक्टर नळीचं काही बोलले नाहीत.

पण म्हणून सगळं गोड झालं असं लिहू नका. डॉक्टर सांगतात, बोलणं परत येणार नाही. मी उद्या पडलो तर हिला कोण उचलेल, सुनंदा दर फोनला तेच विचारते. सुरतेला नेलं असतं तर निदान माणसं होती आजूबाजूला. मी तिचं नको ऐकलं, आणि ते ऐकून तिला मारतोय का, हे मला कळत नाही, सकाळी उठलो की पहिलं तेच डोक्यात येतं. मशीनचंही काय, म्हातारंच आहे, पंखा परवापासून थोडा वाजतो. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा ती मला नही म्हणते. गोळी नही, शाल नही, शेजारीण भेटायला आली तर तीही नही. ज्यांनी ते फुकटचं बनवलं त्या माणसांचं देव भलं करो, कुठे असतील तिथे, त्यांना कळणारही नाही.

आणि शेवटचं एवढं लिहा, की दगडू फिटर हट्टी होता, गर्विष्ठ होता, पण या सगळ्या वर्षांत, या सगळ्या आजारपणात, त्याने बायकोवर एकदाही हात उचलला

“नही.”

ऐकलंत ना. ती झोपलेली नाही म्हणून मी सांगितलं होतं.

“नही.”

बरं. बरं, थांबा, लिहा मग. ती लाईट गेली त्या दिवशी, पट्टी अर्ध्यावर थांबली त्या दिवशी, मी उठलो आणि पेजेची वाटी घेऊन तिच्या तोंडाशी नेली, दात उघड म्हटलं, तिने उघडले आणि सगळी पेज माझ्या तोंडावर थुंकली. मी मारली. डाव्या गालावर मारली, उजव्याला तिला काही लागत नाही, ते मला ठाऊक होतं, म्हणून डाव्यावर मारली. मर एकदाची म्हटलं. डॉक्टरांना सांगितलं खाटेचा काठ लागला, सुनंदालाही तेच सांगितलं, मनीषाताईलाही. ही समोरच असायची तेव्हा. तिच्याकडे बोलायला काही नव्हतं.

आता आहे.

झालं का, केसर? अजून काही राहिलं का मन्हं सांगानं?

बघा, हात लालवरच आहे. दाबत नाही. लिहा.